माती आणायची कुठून?

रविवारी सकाळी शहरातल्या कुठल्याही बऱ्यापैकी सोसायटीच्या फाटकाशी घटकाभर उभे राहावे. रोपवाटिकेचा छोटा टेंपो आत येतो. त्यात दोन-चार जास्वंदी, मोगऱ्याचे एखादे रोप, रंगीत कुंड्या आणि तांबड्या मातीची पोती असतात. त्याच फाटकातून तासाभरापूर्वी घंटागाडी बाहेर पडलेली असते. तिच्यात मटाराची टरफले, कोथिंबिरीच्या काड्या, केळ्याच्या साली, चहाचा चोथा, काल देवाला वाहिलेली फुले. आत येणाऱ्या मातीचे आपण पैसे मोजतो. आणि बाहेर जाणारी मातीच असते, पण तिला आपण कचरा म्हणतो आणि ती कोणीतरी घेऊन जावी म्हणून पुन्हा पैसे मोजतो. या दोन गाड्यांची गाठ एकदा फाटकातच घालून दिली, तर दोघींचीही खेप वाचेल!

पोत्यातून येणारी ती तांबडी माती कुठून येते, हे आपण कधी विचारत नाही. ती कुठल्या तरी उताराची, कुठल्या तरी माळाची वरची साल असते. सुपीक मातीचा एक इंचाचा थर तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात आणि तो खरवडायला एक दुपार पुरते. शिवाय पोत्यातली ती माती नुसती चिकणी आणि मुकी. कुंडीत भरली की दोन पावसाळ्यांत तिची वीट होते, पाणी वरच्यावर तरंगते आणि मोगरा रुसतो. मग आपण म्हणतो, ‘आमच्याकडे झाडेच जगत नाहीत.’

घंटागाडीतून गेलेल्या मातीची कथा याहून कडू आहे. पुण्याच्या वेशीवरच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी शहराचा कचरा वर्षानुवर्षे सोसला. विहिरींचे पाणी बिघडले, टँकरची वाट पाहणे नशिबी आले, सोयरिकी जुळवताना अडचणी येऊ लागल्या. एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या कचऱ्याच्या डोंगराला आग लागली, तेव्हा गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि तीनेक आठवडे पुण्याच्या चौकाचौकांत कचरा साठत राहिला. मुंबईत देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. जानेवारी २०१६ मध्ये ती पेटली, धूर दिवसचे दिवस उपनगरांवर बसून राहिला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कचऱ्याचा डोंगर पेटतो कसा, याचे उत्तर आपल्या ओट्यावरच आहे. भाजीपाल्याचे देठ आणि उरलेसुरले अन्न ढिगाखाली दाबले गेले, हवा मिळेनाशी झाली, की ते कुजताना मिथेन वायू सोडते. हाच वायू पेटतो, धुमसतो. आणि त्याच ओल्या कचऱ्यातून पाझरणारे काळे पाणी जमिनीत उतरते. घरगुती कचऱ्यातला निम्म्याच्या आसपास भाग असा ओला असतो. म्हणजे फुरसुंगीच्या विहिरीत जे उतरले, त्यातले काही तुमच्या-आमच्या घरच्या दुधीच्या सालीचे होते. हे वाक्य रविवारी सकाळी वाचायला बरे वाटत नाही, याची कल्पना आहे.

तीच साल हवा मिळत असताना कुजली, तर मिथेनचा प्रश्नच जवळपास उरत नाही आणि दुर्गंधीही येत नाही. सारा फरक हवेचा आहे. आणि ही हवा खेळती ठेवणारा, वर खाल्ल्याचे सोने करून देणारा एक मुका कामगार आपल्याकडे आहे. मराठीने मात्र त्याच्यावर अन्याय केला आहे. एखाद्याला कणा नाही, असे म्हणायचे असले की आपण त्याला गांडूळ म्हणतो, आणि दोन्हीकडून बोलणाऱ्याला दुतोंडी गांडूळ. वास्तविक या प्राण्याला तोंड एकच असते, दात नसतात, डोळे नसतात. तो त्वचेने श्वास घेतो. म्हणून अंगाला ओल हवी, आणि म्हणूनच उजेडाचा त्याला तिटकारा.

या प्राण्याची योग्यता ओळखली ती चार्ल्स डार्विनने. उत्क्रांतीच्या सिद्धांताने जग हलवून झाल्यावर, मृत्यूच्या आदल्या वर्षी, १८८१ साली त्याने शेवटचे पुस्तक लिहिले ते गांडुळांवर. इंग्लंडमध्ये एकरी दरसाल दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाते, असा त्याचा हिशेब होता. हा थोर माणूस घरात मातीच्या कुंड्यांत गांडुळे पाळी. त्यांना ऐकू येते का, हे पाहण्यासाठी मुलाने त्यांच्यापुढे बासून नावाचे वाद्य वाजवले, बायकोने पियानो. गांडुळे ढिम्म! पण तीच कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवला, तेव्हा कंपनांनी ती झटकन बिळात गेली. बाल्कनीत गांडुळांची बादली ठेवणाऱ्याला घरातली मंडळी हसली, तर त्याने खुशाल डार्विनचे घर आठवावे.

आता बादलीकडे वळू. पहिली गोष्ट ही की शेतात पावसाळ्यात दिसणारी सगळीच गांडुळे या कामाची नसतात. काही जमिनीत खोल राहून माती खातात. त्यांना बादलीत कोंडले तर ती मरतात. आपल्याला हवीत ती पृष्ठभागाशी, पालापाचोळ्यात राहणारी, लालसर रंगाची. त्यांतली काही परदेशी वाणाची, काही आपल्याच देशातली. कोणी ‘अमुक जातच घ्या’ असा आग्रह धरून महागडा डबा गळ्यात मारू लागला, तर नमस्कार करावा. ज्याच्याकडे हे काम चालू आहे त्याच्याकडून ओंजळभर मागून आणावीत. वातावरण मानवले की ती आपोआप वाढतात. विरजणासारखेच आहे हे.

दुसरी गोष्ट आमच्या घरी पहिल्याच खेपेला चुकली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. उत्साहाच्या भरात आठवडाभराचा भाजीकचरा बादलीत भरला, वर गांडुळे सोडली आणि झाकण घट्ट लावले. चौथ्या दिवशी वास, पाचव्या दिवशी चिलटे आणि सहाव्या दिवशी शेजारच्या काकू. झाकण उघडले तर बरीचशी गांडुळे मेलेली, उरलेली कडांवरून वर चढून पळण्याच्या बेतात. ताजा कचरा कुजताना तापतो. मोठ्या ढिगाच्या पोटात तर पन्नास अंशांच्या वर उष्णता जाते. गांडुळांना पस्तिसाच्या पुढे सोसत नाही. म्हणून बादल्या दोन हव्यात. पहिलीत कचरा दोन-तीन आठवडे अर्धवट कुजू द्यायचा, त्याची धग ओसरू द्यायची आणि मग तो थोडाथोडा दुसरीतल्या गांडुळांना वाढायचा.

वासाचे कारणही साधे होते: बादलीत सगळे ओलेच होते. कुजवणाऱ्या सूक्ष्म जिवांना नत्र लागते तसा कर्बही लागतो, आणि तो कितीतरी जास्त. नत्राच्या एका भागाला कर्बाचे पंचवीस-तीस भाग. हिरव्या देठांत नत्र, तर वाळक्या पानांत, नारळाच्या शेंड्यांत, लाकडाच्या भुशात कर्ब. हा हिशेब तराजूने करण्याची गरज नाही. ओंजळभर ओला कचरा टाकला की वर दोन ओंजळी वाळका पाचोळा टाकावा, एवढे पुरते. पाचोळा नसेल तर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चालतात; प्रस्तुत पानाचाही तो एक उपयोग आहेच. (चकचकीत कागद मात्र नको.) बादलीच्या तळाला आणि बाजूंना भोके असावीत, ती दोन विटांवर ठेवावी, खाली ताट. वर ओले गोणपाट. आतला ऐवज मुठीत दाबला तर जेमतेम एखादा थेंब गळावा, इतकीच ओल. लोणचे, तेल-मीठ लागलेले खरकटे, मासळी यांत घालू नये. लिंबाच्या आणि कांद्याच्या साली बेतानेच. चैत्र-वैशाखात बादली उन्हातून हलवावी. मुंग्या लागल्या तर समजावे की ओल कमी पडते आहे. चिलटे आली तर कचरा वर उघडा राहतो आहे. बादली बोलते, आपण ऐकायला शिकायचे.

दोन-तीन महिन्यांत तळाशी काळसर, भुसभुशीत, चहापत्तीसारखे काहीतरी जमा होते. त्याला पहिल्या पावसाचा वास येतो. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात; इथे एक ऋतू पुरतो. हे खत उन्हात कागदावर पसरले की उजेडाला भिऊन गांडुळे तळाशी एकवटतात, वरचे खत अलगद काढून घेता येते.

पण हे खत म्हणजे माती नव्हे, आणि इथे बरेच जण फसतात. नुसत्या गांडूळखतात रोप लावणे म्हणजे नुसत्या तुपावर माणूस पोसण्यासारखे. एक भाग साधी चाळलेली माती, एक भाग हे खत आणि एक भाग अर्धा कुजलेला पाचोळा किंवा नारळाच्या शेंड्यांचे तूस, वर मूठभर निंबोळी पेंड. ही घरची माती. ती हलकी असते, आणि हलकेपणाला गच्चीवर फार मोल आहे. येण्याजाण्याच्या गच्चीसाठी आपल्याकडचे बांधकामाचे मानक चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार धरून चालते. भिजलेल्या साध्या मातीचा जेमतेम दहा सेंटिमीटरचा थरच त्याहून जड भरतो. तेव्हा गच्चीवर शेत करायची हौस असेल त्याने आधी इमारतीच्या अभियंत्याला विचारावे, मग बियाण्याच्या दुकानात जावे.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. गणिताचे प्राध्यापक असलेल्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून शेतकऱ्यांना आपापल्या बांधावर मोजमाप करायला शिकवले. माती ही सापडत नाही, बनवता येते, हे त्यांचे सांगणे. शेण, गोमूत्र आणि गूळ यांच्या पाण्यात पालापाचोळा भिजवून, थोड्या मातीबरोबर थर रचून केलेली त्यांच्या परंपरेतली ‘अमृतमाती’ आज अनेक गच्च्यांवर दिसते. मुंबईत अर्थशास्त्राचे जाणकार डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडे भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भाज्या आणि फळझाडे वाढवून दाखवली. आणि मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये रोज हजारो कामगारांचे जेवण रांधणाऱ्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२च्या सुमारास त्याच स्वयंपाकघराच्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. बंदराच्या धक्क्याजवळ, क्रेनच्या सावलीत. तिथे जमले ते तिसऱ्या मजल्यावरच्या सज्जात का जमू नये?

थोडे खरेही बोलले पाहिजे. बाल्कनीवर चार माणसांचे पोट भरत नाही. टोमॅटो-वांग्याला किमान फूटभर खोल डबा आणि पाच-सहा तासांचे ऊन लागते. समोर दुसरी इमारत उभी असेल तर ते मिळत नाही. अशा घरांनी मेथी, कोथिंबीर, पुदिना, आळू यांवर समाधान मानावे. त्यांना वीतभर माती आणि तीन-चार तासांचे ऊन चालून जाते. ‘संपूर्ण विषमुक्त कुटुंब’ वगैरे घोषणा आम्हाला मानवत नाहीत. आमच्या मते या उद्योगाचे खरे पीक भाजी हे नाहीच. चौघांच्या घरातून रोज निघणारा अर्धा-पाऊण किलो ओला कचरा फाटकाबाहेर गेला नाही, हे खरे पीक. ते वजनकाट्यावर दिसते, ताटात दिसत नाही. म्हणूनच त्याचे फोटो कोणी काढत नाही.

कायदाही याच बाजूचा आहे. २०१६च्या घनकचरा नियमांनी कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले आणि मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असे सांगितले. पुणे महापालिकेने गांडूळखत प्रकल्प, सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण यांपैकी एक व्यवस्था चालू ठेवणाऱ्यांना मालमत्ता करात पाच टक्के आणि दोन ठेवणाऱ्यांना दहा टक्के सवलत देऊ केली. सवलत पुष्कळांनी घेतली. बांधकाम व्यावसायिकानेही पूर्णत्वाचा दाखला मिळवण्यापुरता वाहनतळाच्या मागे विटांचा खड्डा बांधून दिला, त्याच्यावर हिरव्या अक्षरांत ‘गांडूळखत प्रकल्प’ असे लिहिले. आमच्या पाहण्यातल्या अशा कित्येक खड्ड्यांत आज रंगाचे रिकामे डबे, तुटकी सायकल आणि मागच्या गणेशोत्सवाचे मखर आहे. गांडूळ म्हणाल तर पावसाळ्यात चुकून आलेले एखादे.

वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत सर्वांत शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ असा एक रकाना असतो. तोवर निम्मे सभासद चहाकडे वळलेले असतात. त्या वेळी उठून एवढेच विचारावे, की त्या खड्ड्याच्या झाकणाची किल्ली कोणाकडे आहे.