रिंगणांतील वाघ

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या जालन्यास एक सर्कस आली होती. माझा सात वर्षांचा नातू आईवडिलांबरोबर ती पाहून रात्रीं परत आला, तो कांहींसा खट्टू होऊनच. झोके, सायकली, विदूषक हें सर्व त्याला आवडलें होतें, परंतु अंथरुणावर पडल्यावर त्यानें विचारलें, "आजोबा, माझ्या पुस्तकांतल्या सर्कशींत वाघ आहे, मग ह्या सर्कशींत कां नव्हता?" प्रश्न अगदीं सरळ होता. उत्तर मात्र त्याला दोन वाक्यांत देतां येईना, म्हणून येथें तें जरा सविस्तर देत आहें.

मी त्याच्याएवढा होतों तेव्हां जालना हा स्वतंत्र जिल्हा झालेला नव्हता; तो १ मे १९८१ रोजीं झाला. त्या काळीं गांवांत सर्कस आली म्हणजे शाळेंतील अभ्यास आठ दिवस थांबल्यासारखाच होई. रात्रीं जेवणें आटोपून आम्ही भावंडें गच्चीवर निजलों असतां दुरून सिंहाची डरकाळी ऐकूं येई, आणि आजी आम्हांस जवळ ओढून घेई. सकाळीं वडील मला तंबूच्या मागें घेऊन जात. तेथें ओळीनें पिंजऱ्याच्या गाड्या उभ्या असत, आणि पलीकडे साखळदंडानें पाय बांधलेले हत्ती. त्यांतील एक हत्तीण सारखी उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे डुलत असे. ती मला ओळखते व मान हालवून जवळ बोलावते, अशी माझी पक्की समजूत झाली होती. मीं घरीं येऊन आईला तसें मोठ्या अभिमानानें सांगितलेंहि.

पुष्कळ वर्षांनंतर वन्य प्राण्यांवरील एका पुस्तकांत मला त्या डुलण्याचा अर्थ सांपडला. रानांत रोज कित्येक कोस हिंडणारा, कळपांत राहणारा प्राणी एकाच जागीं वर्षानुवर्षें जखडून ठेवला, म्हणजे त्याचें शरीर असें निरर्थक हालूं लागतें. पिंजऱ्यांतील वाघ त्याच चार पावलांत येरझारा घालतो, तोहि ह्याच व्याधीनें. ती हत्तीण मला बोलावीत नव्हती. तिला मी दिसत तरी होतों कीं नाहीं, कोण जाणे.

ह्या विषयांत आपणां मराठी मंडळींची, त्यांतहि ब्राह्मण घरांची, एक अडचण आहे. भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे हे आपल्याच घरांतले. सांगलीकडील अंकलखोपचा हा गृहस्थ कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पदरीं होता व घोड्यांच्या विद्येंत निष्णात होता. १८७९ च्या सुमारास कियारिनी ह्या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईस आली. असली कला हिंदी लोकांस साधावयाची नाहीं, असा त्याचा तोरा होता असें सांगतात. छत्र्यांनीं १८८० सालीं स्वतःची 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी करून त्यास उत्तर दिलें. ह्याच गृहस्थानें ग्वाल्हेरीस हद्दूखांसाहेबांकडे गाण्याची तालीम घेतली होती, आणि खांसाहेबांचे चिरंजीव रहिमतखां ह्यांना त्यानें आपल्या सर्कशीबरोबर ठेवून सांभाळलें. वाघाची गर्जना आणि रहिमतखांचा स्वर एकाच मुक्कामीं ऐकूं यावा, असा तो विलक्षण संसार होता. छत्र्यांच्या मागून देवल, कार्लेकर इत्यादि मंडळींच्या सर्कशी निघाल्या. परदास्यांत असलेल्या लोकांना आपला माणूस सिंहाच्या पिंजऱ्यांत निर्भयपणें शिरतांना पाहून काय वाटलें असेल, ह्याची कल्पना करणें कठीण नाहीं. त्या अभिमानास मी नांवें ठेवीत नाहीं. मात्र त्या पराक्रमांत दुसरा पक्ष बोलूं शकत नव्हता, एवढें आतां तरी ध्यानांत घेतलें पाहिजे.

पुण्याचे दामू धोत्रे (१९०२–१९७३) हे तर जगद्विख्यात झाले. अमेरिकेंतील रिंगलिंग बंधूंच्या सर्कशींत त्यांनीं वाघसिंहांचे खेळ केले. त्यांच्या आत्मचरित्राचें नांवच 'वाघ सिंह माझे सखे सोबती' असें आहे. ह्यांतील प्रेम खोटें होतें असें मला मुळींच म्हणावयाचें नाहीं. पुष्कळ रिंगमास्तर आजारी बछड्यापाशीं रात्र रात्र जागले असतील. परंतु सखा म्हटला म्हणजे त्याला निघून जाण्याची मोकळीक असते, आणि येथें तर भेटीच्या वेळीं एकाच्या हातीं चाबूक असे. आगीपासून दूर राहणारा पशु पेटत्या कड्यांतून उडी घेतो, हत्ती डोक्यावर भार घेऊन उलटा उभा राहतो, हें कोणत्याहि प्राण्यास केवळ गोंजारून शिकवितां येत नाहीं. भूक आणि भय हीं शिकवणींतलीं खरीं साधनें. खुद्द अमेरिकेंतच जॅक लंडन ह्या कादंबरीकाराच्या १९१७ सालच्या पुस्तकावरून स्फूर्ति घेऊन लोकांनीं एक मंडळ काढलें. नाट्यगृहांत प्राण्यांचा खेळ सुरू झाला कीं सभासदांनीं मुकाट्यानें उठून बाहेर पडावें, एवढाच त्याचा नियम होता. मला स्वतःला ही रीत फार आवडते. तींत वर्गणी नाहीं आणि व्याख्यानहि नाहीं.

आपल्याकडे काम झालें तें बहुतेक कायद्याच्या वाटेनें. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनीं राज्यसभेंत खासगी विधेयक मांडलें. पंडित नेहरूंनीं सरकारतर्फे कायदा करण्याचें आश्वासन दिल्यावर त्यांनीं तें मागें घेतलें, आणि १९६० सालीं प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. खेळांत कोणते प्राणी वापरूं नयेत हें ठरविण्याचा अधिकार त्यांत सरकारला होता. तो बजावण्यास मात्र तीस वर्षें लागलीं. १९९१ सालीं अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या व कुत्रा ह्यांच्या खेळांवर बंदी घालण्यांत आली. सर्कशीवाले न्यायालयांत गेले, पुन्हा विचार झाला, आणि १९९८ सालच्या यादींत कुत्रा गळला व सिंह आला. (बिचाऱ्या कुत्र्याचा पक्ष कोणी घेतला नाहीं असें दिसतें.) तीहि यादी केरळच्या उच्च न्यायालयापुढें गेली. तेथें जून २००० मध्यें न्यायमूर्तींनीं बंदी उचलून धरली, आणि हक्क म्हणून जें कांहीं आहे तें केवळ मनुष्यापुरतेंच कां असावें, असा प्रश्नहि केला. १ मे २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला. पुढें २०१३ सालीं केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानें सर्कशींतील हत्तींसहि मनाई केली. इंग्लंडमध्यें वन्य पशूंना सर्कशींतून काढणारा कायदा झाला तो २०१९ सालीं. ह्या एका बाबतींत आपण त्यांच्या पुढें होतों, हें मुलांना अवश्य सांगावें.

सुटलेल्या वाघसिंहांचें पुढें काय झालें, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. बंगळूरजवळील बन्नेरघट्टा, तिरुपति, विशाखापट्टण, जयपूर वगैरे ठिकाणीं त्यांच्यासाठीं आश्रयस्थानें काढावीं लागलीं. जन्मापासून पिंजऱ्यांत वाढलेल्या वाघास शिकार ठाऊक नसते. त्याला अरण्यांत सोडणें म्हणजे उपाशी मारणेंच. सर्कशींतील सिंह तर बहुधा आफ्रिकी व भारतीय अशा मिश्र वंशाचे. त्यांस गीरच्या सिंहांत मिसळूं देणें शक्य नव्हतें. म्हणून त्यांची पैदास बंद करून, ते मरेपर्यंत त्यांना पोसावयाचें असें ठरलें. करमणूक दोन तासांची होती, पण तिचें देणें असें कित्येक वर्षें फेडावें लागलें.

आणि एक देणें माणसांचेंहि आहे. आमच्या मराठवाड्यांत अस्वल घेऊन दारोदार फिरणारे दरवेशी मीं लहानपणीं पाहिले आहेत. आजारी मुलाला अस्वलावर बसविलें कीं भीति जाते अशी समजूत होती, आणि आमच्या घरींहि त्या माणसाला सुपांतून ज्वारी घातली जाई. नाकांत वेसण टोंचलेल्या त्या जनावराचा खेळ थांबला तें योग्यच झालें. उत्तरेकडे आग्र्याजवळ अस्वलांसाठीं आश्रयस्थान निघालें, तेव्हां कलंदर कुटुंबांना दुसऱ्या धंद्यासाठीं साहाय्यहि मिळालें. परंतु तंबूंत वाघांना मांस घालणारा, त्यांची घाण काढणारा नोकर कोठें गेला, ह्याची चौकशी प्राणिमित्रांच्या सभांतून मीं तरी क्वचितच ऐकली. ज्यांना भूतदया सांगावयाची आहे, त्यांनीं ही चौकशी केली तर त्यांचें म्हणणें अधिक लोकांस पटेल.

इतकें सर्व नातवाला सांगितलें नाहीं. त्या डुलणाऱ्या हत्तिणीची गोष्ट मात्र सांगितली. त्यानें ती निमूटपणें ऐकली व विचारलें, "मग आज घोडा होता, त्याला चालतें कां?"

घोड्याचें नांव त्या यादींत नाहीं. २०१८ सालीं सरकारनें सर्कशींतून सर्वच प्राणी वगळण्याचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांचीं मतें मागविलीं होतीं, तेव्हां मींहि एक पत्र धाडलें होतें. पण घोडा तर छत्र्यांची मूळ विद्या, आणि मुलाला घोडे फार आवडतात. पुढच्या वेळीं तंबू आला म्हणजे तो मला बरोबर चला म्हणेल. काय करावें, हें माझें अजून ठरलेलें नाहीं.