कपाटातले कार्ड चालू की बंद?

गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली, खीरदान झाले आणि आम्ही चपला शोधत असताना वस्तीतल्या एका ताईंनी आम्हाला बाजूला बोलावले. पदराच्या गाठीतून क्रेडिट कार्ड काढून म्हणाल्या, "भाऊ, हे पोराचं. दोन वर्सं कपाटात पडलंय. चालू हाय का मेलंय, तेवढं सांगा." मुलगा मॉलमध्ये कामाला असताना स्टेशनाबाहेरच्या टेबलावर 'फुकट आहे' म्हणून कुणी ते त्याच्या गळ्यात मारले होते. नोकरी गेली, कार्ड राहिले. आता त्याला रिक्षासाठी कर्ज काढायचे होते.

मुलाने आपली परीक्षा करून पाहिली होती. मोबाईलचा रिचार्ज मारला, तो झाला नाही, म्हणून कार्ड बंद, असा त्याचा निकाल. आमच्या बंधू-भगिनींची फसगत नेमकी इथेच होते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० सालच्या नियमाप्रमाणे कार्डाची ऑनलाइन सोय ग्राहकाने मागितल्याशिवाय सुरू होत नाही. म्हणजे कार्ड जिवंत, फक्त एक दार बंद. मर्यादा संपली, थकबाकी राहिली तरी व्यवहार होत नाही. कार्डावरची मुदत संपली तरी खाते आपोआप संपत नाही. नवे कार्ड टपालाने जुन्या पत्त्यावर जाऊ शकते. चाळ पुनर्विकासाला गेलेली, बिऱ्हाड संक्रमण शिबिरात, मग ते पाकीट कुणाच्या हाती पडणार?

दुसऱ्याला कशाला हसावे? आम्ही बी.कॉम. झालेले, आयुष्य खातेवह्यांत गेले, तरी २०१६ साली एक कार्ड कात्रीने कापले आणि बंद झाले समजून मोकळे झालो. पुढे मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलो तेव्हा कळले की खाते उघडेच होते आणि वार्षिक शुल्कावर व्याज चढत होते. मुलीच्या प्रवेशाची तारीख जवळ आलेली. ती रात्र आम्ही विसरलेलो नाही. कात्रीने प्लास्टिक कापले जाते, खाते नव्हे.

मग तपासावे कसे? कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावरच फोन करावा, तोही बँकेत नोंदवलेल्या मोबाईलवरून. इंटरनेटवर शोधून सापडलेला क्रमांक लावू नये. तिथे ठग बसलेले असतात. 'तुमचे कार्ड बंद होणार आहे, ओटीपी सांगा' असा फोन आपल्याला आला तर तो खाली ठेवावा. ओटीपी, पिन आणि मागचे तीन अंक कुणालाही तोंडी सांगायचे नाहीत. पैसे गेलेच तर लगेच बँकेला कळवावे आणि १९३० वर तक्रार करावी. बँकेच्या अ‍ॅपमध्येही कार्डाची स्थिती दिसते. पासबुकावर मात्र विसंबू नका, क्रेडिट कार्डाचा हिशेब वेगळा असतो.

सिबिलसारख्या कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात कार्ड उघडे की बंद, बाकी किती, हे लिहिलेले असते. घरातल्या शिकलेल्या मुलीला हे काम सांगावे.

ताईंचा प्रश्न रास्त होता: दोन वर्षे वापरले नाही, तर बँकेने आपणहून बंद का केले नाही? २०२२ च्या निर्देशांप्रमाणे वर्षाहून अधिक काळ न वापरलेले कार्ड ग्राहकाला कळवून, तीस दिवसांत उत्तर न आल्यास बंद करायचे असते. पण थकबाकी नसेल तरच. वार्षिक शुल्क चढलेले असले की गाडी तिथेच अडते. दरमहा साडेतीन टक्के म्हटले की वर्षाचे बेचाळीस होतात. गावचा सावकार बाजूला बसेल!

भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यात ऋण नसण्याचे सुख वेगळे मोजले आहे. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांची आम्ही लेकरे, आणि आमच्याच घरात बँकेची पत्रे न फोडता पडून राहतात.

सोमवारी मुलाला घेऊन आम्ही फोन लावला. कार्ड जिवंत होते. शुल्क, कर, दंड धरून बाकी साडेतीन हजारांच्या वर. पलीकडचा म्हणाला, अर्ध्यात तडजोड करा. आम्ही नको म्हटले, कारण मग अहवालात 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढचा कर्ज देणारा तोच आधी वाचतो. दंडाबद्दल हुज्जत घातली, थोडा माफ झाला, उरलेले भरले आणि बंद करण्याचा अर्ज लेखी दिला. बाकी नसेल तर सात कामकाजी दिवसांत बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे. पुढे दर दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. हे सांगितल्यावर सहाव्या दिवशी बाकी नसल्याचे पत्र आले.

ताईंनी ते पत्र रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले. मुलगा रिक्षाच्या कर्जाचे कागद पुढच्या महिन्यात देणार आहे. अहवालात 'बंद' लागले की नाही, ते आधी पाहून घे, असे आम्ही त्याला बजावले आहे.