श्यामचं धैर्य आणि वाघाचा मुलूख

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. धीटपणा आणि शेजारधर्म शिकवायचा म्हटलं की आजही हेच पुस्तक आधी आठवतं. पण कोकणातल्या एका गरीब ब्राह्मण घरातले ते धडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलालगत वाढणाऱ्या मुलांना कितपत लागू पडतात?

आक्षेप वजनदार आहेत. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई मार देऊन विहिरीवर पाठवते. माराने भीती घालवणं आज कोणीही शहाणा शिक्षक मान्य करणार नाही. शिवाय इथली भीती खोटी नाही. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पहाटे मोहफुलं वेचणारी बाई जमिनीकडे वाकलेली असते. मागच्या झुडपात वाघ दबा धरून बसला असेल तर तिला दिसतही नाही. अशा ठिकाणी मुलाला ‘भिऊ नको, जा’ म्हणणं जिवावर बेतू शकतं. मोळीचा प्रसंगही बोचतो. अस्पृश्य म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवायला आई श्यामला धाडते, पण घरी आल्यावर आंघोळ करायलाही सांगते.

तरीही पुस्तक बाजूला ठेवावं, असं आम्हाला वाटत नाही. श्यामचा भित्रेपणा गुरुजी झाकत नाहीत आणि पाण्यात श्यामला एकटं सोडलेलं नसतं. सांभाळणारे पोहणारे जवळ असतात. वरोड्याच्या बाबा आमट्यांनीही आपली भीती लपवली नाही. पावसात पडलेल्या कुष्ठरोग्याला पाहून ते आधी पळाले, मग परत फिरले. १९४९ साली त्यांची महारोगी सेवा समिती उभी राहिली. मोळी उचलायला सांगणारी आई तिच्या काळाच्या चौकटीतच होती. पण गाव काय म्हणेल याची पर्वा न करता तिने मुलाला पुढे केलं. ती आंघोळ वर्गात वगळू नये. तिच्यावरच मुलांना बोलतं करावं.

एका गोष्टीचं भान मात्र हवं. २०२१ साली चंद्रपूरजवळच्या जुनोना गावात एका आईने काठीच्या बळावर लेकीला बिबट्याच्या तावडीतून सोडवलं. तिला मानाचा मुजराच. पण तिच्यावर ती वेळ का आली, हेही विचारायला हवं. वाटेवर दिवा नसेल, वस्तीलगत झुडपं माजली असतील, शाळेसाठी मुलांना जंगलातून पायी जावं लागत असेल, तर ती उणीव मुलांच्या धैर्याने भरून काढायची नसते. ते काम ग्रामपंचायतीचं, वनखात्याचं आणि शासनाचं आहे.

म्हणून ‘श्यामची आई’ जरूर वाचावी. सोबत मुलांना इथला धीटपणाही सांगावा: एकट्याने रानात न जाणं, चार जणांनी मिळून, बोलत-आवाज करत जाणं, शेजारचं माणूस वेळेत परतलं नाही तर लगेच मोठ्यांना कळवणं. वाघाच्या मुलखात शेजाऱ्याची काळजी घेणं हेच सगळ्यात उपयोगी धैर्य आहे.