ताटलीवर नाव एकाचे, खर्च दुसऱ्याचा

सरकारी हिशेब तपासण्यात माझी सारी नोकरी गेली. त्यामुळे उंची वस्तू समोर आली की पहिला प्रश्न मनात येतो, याचे पैसे कोणी भरले?

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मायसेनच्या ‘हंस संचा’तली चिनी मातीची ताटली पाहिली आणि तोच प्रश्न पडला. शिंपल्यासारख्या वळ्या, पाण्यावर तरंगणारी हंसांची जोडी, लव्हाळ्यात उभा बगळा, सारे पांढऱ्यावर पांढऱ्या उठावात. उजेड तिरपा पडला तरच नीट दिसते. डोळ्यांत भरते ते काठावरचे रंगीत कुलचिन्ह. सॅक्सनीचा मंत्री काउंट हाइनरिख फोन ब्र्यूल आणि त्याची कोलोव्रात घराण्यातली पत्नी, या दोघांचे.

१७३७ नंतरच्या काही वर्षांत घडलेल्या या संचात दोन हजारांहून अधिक नग होते. मायसेनचा कारखाना राजाचा आणि त्याचा प्रमुख खुद्द ब्र्यूल. शिवाय राजाने त्याला तिथला माल विनामूल्य घेण्याची मुभा दिलेली. म्हणजे मागणी त्याची, देखरेख त्याची, माल त्याच्या घरी आणि भुर्दंड राजकोशाला! असे प्रकरण माझ्या टेबलावर आले असते, तर मी ते आक्षेपाशिवाय पुढे जाऊ दिले नसते.

आश्रयदात्याशिवाय अशी कला घडलीच नसती, असे रसिक म्हणतात. पण आश्रयदाता म्हणावे ते पदरचे पैसे मोजणाऱ्याला. ही ताटली घडली ती शिल्पकार योहान योआखिम केंडलरच्या हातून. शंखशिंपले हुबेहूब उतरावेत म्हणून तो ड्रेस्डेनच्या निसर्गसंग्रहात बसून त्यांची चित्रे काढत होता. एबरलाइन हा शिल्पकार त्याच्या जोडीला होता. भट्टी लावणाऱ्यांची, सोनेरी कड ओढणाऱ्यांची नावे तर सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचतच नाहीत.

१९४५ मध्ये युद्धाच्या अखेरीस या संचाचा मोठा भाग फुटला, विखुरला. उरलेल्या नगांचे मोल आता फार मोठे आहे, आणि कुलचिन्ह त्या मोलात भर घालते. म्हणूनच माझी मागणी साधी आहे. लिलावाच्या यादीत आणि काचेच्या कपाटाशेजारच्या पाटीवर ‘कोणासाठी’ यासोबत ‘कोणी घडवली’ आणि ‘कोणाच्या पैशाने’ या दोन ओळी असायलाच हव्यात. ताटलीचे सौंदर्य त्याने तसूभरही घटणार नाही. ज्यांचे श्रेय त्यांना आणि ज्याचा खर्च त्याच्या नावावर, एवढे मात्र होईल.