आधी कब्जा, मग कागद

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही आपल्या दुकानांची गावे जुन्या साष्टी बेटावरची. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसईच्या तहात हा मुलूख पोर्तुगीजांना दिला. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी जिंकली. डिसेंबर १७७४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ठाण्याचा किल्ला घेतला. सबब काय, तर पोर्तुगीज आरमार येत आहे, आपण गप्प बसलो तर साष्टी त्यांची होईल! राघोबादादांशी सुरतेचा तह झाला तो मार्च १७७५ मध्ये. म्हणजे कब्जा आधी, कागद मागाहून.

आम्ही कापडवाले, ही चाल आम्हाला चांगली ओळखू येते. व्यापाऱ्याची नीयत नफ्याची असते, त्यात गुन्हा नाही. पण तराजू, फौज आणि कचेरी एकाच हाती आली की तो व्यापार राहत नाही. १८९६ साली लँकेशायरच्या मालकांची मर्जी राखण्यासाठी हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसली. ती १९२५ अखेरपर्यंत चालली.

इंग्रजांना बोल लावणे सोपे आहे. पण भिवंडीच्या मागवाल्याला सूत आम्हीच देतो, कापड आम्हीच घेतो, मजुरीचा दर आम्हीच ठरवतो आणि डाग दाखवून पैसेही आम्हीच कापतो. त्याने दाद कुणाकडे मागावी? कंपनीही इथे प्रथम सौदा करायलाच आली होती.

तेव्हा बिरादरांनो, इन्साफ आपल्या गादीपासून सुरू करू या. दर आधी लिहून द्यावा, माल मागाहून उचलावा.