टॉप राहिला, बॉस!

"मग? टॉपला गेलीस का?"

स्कॉटलंडहून परत आल्यापासून हा प्रश्न मला निदान तीस जणांनी विचारलाय. उत्तर एकच, 'नाही.' त्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर एक टिपिकल 'अरेरे' उमटतं. एवढा व्हिसा, एवढं तिकीट, आणि टॉप नाही? आधी मलाही या प्रश्नाचा राग यायचा. आता मी त्यांना फ्रिजवरच्या कागदाची गोष्ट सांगते. तुम्हीही ऐकाच!

माझा मावसभाऊ आणि वहिनी ग्लासगोला असतात. गेल्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेले, ते डोक्यात एकच किडा घेऊन. बेन नेव्हिस! ब्रिटनमधला सगळ्यात उंच डोंगर. उंची किती? १३४५ मीटर. (आधी नकाशावर १३४४ होती, २०१६ साली नव्या मोजणीनंतर एक मीटर वाढली.) आता आपलं कळसूबाई १६४६ मीटर, आणि ते मी तीनदा केलंय. एकदा तर भर पावसात! त्यामुळे माझा अॅटिट्यूड साधारण असा होता, "दादा, यात प्लॅनिंग काय करायचं? सकाळी निघू, दुपारी फोटो टाकू."

दादा काही बोलला नाही. जेवणं झाल्यावर त्याने टेबलावर नकाशा पसरला, आणि माझ्या फुग्याला पहिली टाचणी लागली.

गणित कच्चं!

कळसूबाईला आपण बारी गावातून चढायला लागतो. ते गावच मुळात चांगल्या उंचीवर आहे, त्यामुळे प्रत्यक्ष चढ हजार मीटरही नाही. बेन नेव्हिसची वाट मात्र ग्लेन नेव्हिसच्या खोऱ्यात, जवळपास समुद्रसपाटीला सुरू होते. म्हणजे तेराशे मीटरचा चढ रोख मोजायचा! जाऊन-येऊन साधारण १७ किलोमीटर.

वेळ काढायचा तिथला फंडा एकदम सोपा आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ साली सांगितला. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. वहिनीने मोबाइलवर हिशेब केला : अंतराचे पावणेदोन तास, चढाचे सव्वादोन. झाले चार तास, आणि तेही न थांबता. खाणं, फोटो, माझं धापा टाकणं, याचा एक तास वेगळा.

मग हवामान. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. खाली फोर्ट विल्यममध्ये १३ अंश, म्हणजे वर चार-पाच. त्यात वारा. मे महिन्यातही माथ्याच्या पठारावर बर्फ असतो. १८८३ ते १९०४ या काळात या माथ्यावर चक्क वेधशाळा होती, आणि माणसं तिथे बारा महिने राहून नोंदी करायची. त्या नोंदींनुसार वर्षाचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास! आपल्या पावसाळी ट्रेकमध्ये भिजणं ही मजा असते. तिथे भिजलात आणि वारा लागला, की अंगातली ऊब झपाट्याने जाते. हात थरथरतात, मग डोकं चालेनासं होतं.

पण खरी मेख माथ्यावर आहे. वरचं पठार सपाट, रुंद, आणि बहुतेक वेळा ढगात. उत्तरेला गार्डीलू गलीची घळ, उतरताना डाव्या हाताला फाइव्ह फिंगर गलीची. ढगात वाट चुकून या घळींकडे गेलेल्या कित्येकांनी जीव गमावलाय. म्हणून उतरतानाच्या दिशा पाठच करायच्या असतात. माथ्यापासून नकाशाच्या २३१ अंशांवर १५० मीटर, मग २८२ अंशांवर पठार संपेपर्यंत. चुंबकीय फरकाचा हिशेब करून होकायंत्र लावायचं आणि पावलं मोजत चालायचं. मी होकायंत्र शेवटचं हातात धरलं होतं ते सातवीच्या भूगोलात!

तिघांच्या सह्या

त्या रात्री वहिनीने एका कागदावर चार ओळी लिहिल्या.

एक : सकाळी साडेसातला निघायचं. दोन : एक वाजता असू तिथून परत फिरायचं. तीन : पठारावर बर्फ आणि ढग दोन्ही एकत्र भेटले, तर पुढे जायचं नाही. कारण आपल्याकडे ना आइस अॅक्स, ना क्रॅम्पॉन, ना होकायंत्राची सवय. चार : तिघांपैकी एकाने 'परत' म्हटलं, की परत. चर्चा नाही.

खाली तिघांच्या सह्या, आणि कागद फ्रिजवर. एक फोटो शेजाऱ्यांना पाठवला. आम्ही कुठे चाललोय, कधी परतणार आणि फोन आला नाही तर किती वाजता ९९९ ला कळवायचं, हेही सोबत. (९९९ वर आधी पोलीस मागायचे, मग 'माउंटन रेस्क्यू' सांगायचं. येणारी माणसं स्वयंसेवक असतात, एक पैसा घेत नाहीत. म्हणूनच त्यांना फुकट धावायला लावायचं नसतं.)

मला ते सगळं जरा अति वाटलं होतं. सही मात्र मी झोकात केली.

बारा वाजून पाच मिनिटं

त्या दिवशी डोंगरांसाठीच्या खास अंदाजात शिखरं ढगांबाहेर असण्याची शक्यता ४० टक्के दिली होती. आम्ही निघालो. 'हाफवे' म्हणवणारं तळं आलं तेव्हा मी हात वर करून नाचले. दादाने शांतपणे सांगितलं, "५७० मीटर. उंचीने अर्धंही नाही झालं." मग रेड बर्नचा ओढा, आणि पुढे घसाऱ्यातली नागमोडी वाट. संपता संपत नाही!

पठाराच्या तोंडाशी पोचलो तेव्हा बारा पाच झाले होते. पायाखाली बर्फ सुरू झाला, वाट त्याखाली गडप. समोर दगडांची एक रास दिसत होती, तिच्यामागची दुसरीही. आणि मग कुणीतरी पडदा ओढावा तसा ढग आला. दुसरी रास गेली. मग पहिलीही.

"पाऊण तास आहे अजून," मी म्हटलं. "थोडंसंच तर राहिलंय. वर जाणारे दिसले ना आत्ता? त्यांच्या मागे मागे जाऊ."

दादाही डळमळला. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या डोक्यात घळीबिळी काही नव्हत्या. व्हिसाची फी होती. तिकिटाचे हप्ते होते. आणि तोच प्रश्न, 'टॉपला गेलीस का?'

वहिनीने फक्त विचारलं, "कागदावर काय लिहिलंय?"

तिच्यावर चिडायची सोय नव्हती, कारण खाली सही माझी होती. टेबलाशी, पोटभर जेवून, उबेत बसलेल्या माझी. ती मुलगी माझ्यापेक्षा कितीतरी शहाणी होती. वर गारठलेल्या, हट्टाला पेटलेल्या मुलीला तिने आदल्या रात्रीच ओळखलं होतं!

आम्ही फिरलो. तळ्यापर्यंत मी कुणाशी बोलले नाही. खाली पोचल्यावर वहिनीने आधी शेजाऱ्यांना मेसेज केला, मग माझ्या हातात गरम सूप दिलं. तेव्हा लक्षात आलं, माझी बोटं झिप उघडण्याइतकीही वळत नव्हती. ही बोटं होकायंत्र काय लावणार होती?

आणि क्लायमॅक्स? दुसऱ्या दिवशी परतीच्या ट्रेनमध्ये बसायच्या आधी वर बघितलं, तर आकाश निळंशार! बेन नेव्हिस डोक्यापर्यंत उघडा. मी दोन शिव्या हासडल्या, मग तिघंही खूप हसलो.

तो कागद अजून ग्लासगोच्या फ्रिजवर आहे. वहिनीने परवा त्याचा फोटो पाठवला. चार ओळी, तीन सह्या, आणि खाली तिच्या अक्षरात एक नवी नोंद : 'बाकी - साधारण १५० मीटर.'

होकायंत्र मी घेतलंय. दर रविवारी पर्वतीवर पावलं मोजत फिरते. लोक बघतात. बघू देत!