बदलीमुळे विकणे आहे

‘बदलीमुळे विकणे आहे’ या तीन शब्दांवर परप्रांतातील मराठी नोकरदारांनी आजवर किती माल खपविला असेल, त्याची गणती नाही. जबलपूरसारख्या बदल्यांच्या गावी तर हे शब्द म्हणजे विक्रेत्याच्या सचोटीचा दाखलाच ठरतात. साहेब सरकारी, जाण्याची घाई खरी. तेव्हा मालही खराच असणार! पलंग आणि स्कूटर यांबाबत आम्ही एक वेळ डोळेझाक करू. परंतु घोडा विकावयाचा असेल, तर या शब्दांआड दडण्याचा अधिकार कोणासही नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

येथे कायदेपंडित आम्हांस अडवतील. १९५६ पासून मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय ज्या गावी आहे, तेथे पंडितांस काय तोटा? ते १८७२ च्या करार कायद्याचे १७ वे कलम पुढे करतील. आणि गंमत अशी की, त्या कलमाखालील उदाहरण घोड्याचेच आहे. लिलावात घोडा विकला, तो सदोष असल्याचे विकणाऱ्यास ठाऊक होते, तरी तो गप्प राहिला. ही फसवणूक नव्हे! मात्र घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली कन्या असेल, तर दोष सांगणे त्याचे कर्तव्य. आम्ही विचारतो, कन्येस जे सांगावयाचे ते टांगेवाल्याच्या मुलास का सांगू नये? त्याची हाडे काय निराळी आहेत? शिवाय, ‘तुम्ही नाकारले नाही तर मी घोडा निर्दोष समजेन’ असे घेणाऱ्याने म्हटल्यास विक्रेत्याचे मौन हे बोलण्यासमान, असेही तेथेच सांगितले आहे. अधिकाऱ्याची जाहिरात वाचणारा मनातल्या मनात दुसरे काय म्हणत असतो?

घेणाऱ्याने तपासून घ्यावे, म्हणता? येथे १९४८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, हे खरे. वैद्य दात पाहून वय सांगेल, तेही आठ वर्षांपुढे अंदाजानेच. कडक रस्त्यावर दौडवून लंगडही ओळखील. (मऊ मातीवरच घोडा चालवून दाखविणारा विक्रेता भेटला, की वाचकांनी खुशाल काढता पाय घ्यावा.) पण ताशा वाजला की घोडी उधळते, हे तासाभरात कोणत्या वैद्यास कळणार? ते धन्यासच ठाऊक. आज घोडीला काम मिळते ते बहुधा वरातीत. पाठीवर नवरदेव, त्याच्यापुढे चिमुकला भाचा, भोवती फटाके. त्या पोराच्या मस्तकापेक्षा जाहिरातीतील एक ओळ महाग झाली काय?

राहता राहिला भावाचा प्रश्न. खोड सांगितली की भाव पडतो. पडावाच! उलट, कोणीच बोलत नाही म्हणून घेणारा प्रत्येक घोड्याला संशयाचाच भाव देतो आणि निर्दोष जनावराचा धनी बाजारात यावयाचे सोडतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी १९७० साली हेच दाखविले.

तेव्हा जाहिरात द्यावयाची ती अशी :

‘घोडी विकणे आहे. रंग पांढरा. वय दातांवरून १२ च्या पुढे. टांग्यास शांत, मोटारीच्या भोंग्यास सरावलेली. ताशा व फटाके यांना बुजते, वरातीसाठी घेऊ नये. पुढचा उजवा पाय कडक रस्त्यावर आखडतो. मुलांस चावत नाही, मोठ्यांस क्वचित. पाहण्यास येणाऱ्यांस डांबरी रस्त्यावर चालवून दाखवू. आमची बदली झाली आहे. झाली नसती तरी विकली असती.’